वाळूने भरलेली घरं आणि कुटुंबाचा परवाना

हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. एक खोली. भिंतींना फिकट निळा किंवा हिरवा रंग, वरच्या बाजूला नक्षीचा पट्टा. दाराची चौकट शाबूत, दार अर्धवट उघडं. आणि खोलीत गुडघाभर, कमरेएवढी, कधी पार खिडकीच्या कडेपर्यंत चढलेली वाळू. तिरप्या उन्हात तिच्यावरच्या लाटा उठून दिसतात. माणूस कुठेच नाही. खाली मजकूर असलाच तर एवढाच, की शेवटी निसर्गच जिंकतो.

ही जागा म्हणजे नामिबियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ल्युडरित्स बंदरापासून दहाएक किलोमीटर आत, वाळवंटात असलेलं कोल्मान्सकोप. हिऱ्यांच्या खाणीसाठी वसवलेलं आणि 1956 सालापर्यंत पुरतं ओस पडलेलं गाव. आज ते बघायला तिकीट लागतं, आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या उन्हात फोटो काढायचे असतील तर वेगळा परवाना मिळतो. क्रिस्टियन लेव्हरिंगच्या 'द किंग इज अलाइव्ह' या सिनेमात वाळवंटात अडकलेले प्रवासी 'किंग लिअर' बसवतात ते इथेच. रॉन फ्रिकच्या 'समसारा'मध्ये (2011) या खोल्या आहेत. टेम इम्पालाच्या 'द स्लो रश' (2020) या अल्बमचं मुखपृष्ठ इथलं आहे. 'फॉलआउट' (2024) या मालिकेत अणुयुद्धानंतरचं जग उभं करायलाही हेच गाव कामी आलं. म्हणजे सगळं संपल्यानंतरचं जग कसं दिसेल, असा प्रश्न पडला की कॅमेरा इथे येतो.

या चित्रपरंपरेबद्दल आणि तिच्या शेजारी वाढलेल्या एका लेखनपरंपरेबद्दल मला लिहायचं आहे. दूरच्या आफ्रिकी खाणवस्तीत राहिलेल्या परदेशी कुटुंबांच्या रोजच्या आयुष्याची ही चित्रं आणि या आठवणी. दोन्ही मोहक आहेत, आणि दोन्हींमध्ये एकाच प्रकारची उणीव आहे. ती उणीव 'गोरे लोक वाईट होते' या ठराविक वाक्यात मावत नाही. ती 'कुटुंब' या शब्दाच्या वापरात आहे.

आधी त्या फोटोंच्या खालचं वाक्य तपासू. कोल्मान्सकोपमध्ये निसर्ग जिंकला का? 1908 साली झकारियास लेवाला हा कामगार ल्युडरित्सहून आत जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची वाळू उपसत होता. त्याने आधी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलेलं होतं. वाळूत चमकलेला खडा काय आहे हे त्याला कळलं, आणि त्याने तो आपल्या जर्मन वरिष्ठाला, आउगुस्ट श्टाउखला नेऊन दिला. श्टाउख श्रीमंत झाला, लेवालाच्या हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी जर्मन सरकारने दक्षिणेला ऑरेंज नदीपर्यंत आणि किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आतपर्यंतचा पट्टा 'श्पेरगेबीट', म्हणजे निषिद्ध क्षेत्र म्हणून बंद केला. 1912 साली या भागातून सुमारे दहा लाख कॅरट हिरे निघाले. जगाच्या त्या वर्षीच्या उत्पादनाचा तो दशांशाहून मोठा वाटा होता. पुढे पहिलं महायुद्ध झालं, जर्मनांची सत्ता गेली, आणि 1920 साली अर्नेस्ट ओपेनहायमरने इथल्या कंपन्या एकत्र करून 'कन्सॉलिडेटेड डायमंड माइन्स' ही कंपनी काढली. 1928च्या सुमारास ऑरेंज नदीच्या मुखाजवळ इथल्यापेक्षा कितीतरी मोठे हिरे सापडले. कंपनीने आपला पसारा तिकडे हलवला. तिथे 1936 साली ओरान्येमुंड हे नवं गाव वसलं, आणि कोल्मान्सकोप हळूहळू रिकामं झालं.

म्हणजे आधी कंपनी गेली, मग वाळू आली. वारा सुटला की वाळू घरात तेव्हाही येत असणार. पण तेव्हा ती रोज झाडून बाहेर काढणारे हात होते. ही वाळू नफ्यात होती तोवर चाळली गेली, नफा संपल्यावर तशीच सोडून दिली गेली. फोटो मात्र हा हिशेब पुसून टाकतो आणि त्या जागी काळ, नियती, निसर्ग असे मोठे शब्द ठेवतो. ज्याला कोणी जबाबदार नाही अशा दुःखाकडे बघायला सोपं जातं, त्यामुळे हे फोटो इतके लोकप्रिय झाले यात नवल नाही.

आता खोलीच्या आत जाऊ. तिथे घडलेलं आयुष्य खरं होतं, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. भोवती मैलोन् मैल वाळवंट. गोड्या पाण्याचा थेंब नाही. पाणी सुरुवातीला जहाजाने केपटाऊनहून यायचं. त्या जागी या लोकांनी विजेचं केंद्र उभारलं, इस्पितळ, शाळा, नाट्यगृह आणि व्यायामशाळा, बोलिंगची मार्गिका, समुद्राचं पाणी खेचून आणून भरलेला पोहण्याचा तलाव, बर्फाचा कारखाना उभारला. दर घराला रोज बर्फाची लादी आणि ठराविक पाणी फुकट मिळायचं, असं तिथे आलेल्या प्रवाशांना आजही सांगितलं जातं. घरांवरच्या पाट्या अजून वाचता येतात: शिक्षकाचं घर, डॉक्टरचं घर, हिशेबनिसाचं घर, खाण-व्यवस्थापकाचं घर. जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावाची ही नक्कल आहे. हजारो मैलांवर आलेल्या बाईने भिंतीला निळा रंग का निवडला असेल, याची कल्पना करताना आपल्यालाही तिच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. तो खोटा नाही.

पण पाटीवर नाव हुद्द्याचं आहे, माणसाचं नाही, हेही पाहायला हवं. घर हिशेबनिसाला मिळालं, कारण तो हिशेबनीस होता. नोकरी गेली की घर गेलं. पाणी, बर्फ, वीज, शाळा, दवाखाना हे सगळं एकाच हातातून यायचं. ज्याला आपण तिथलं कौटुंबिक आयुष्य म्हणतो तो पगाराचाच एक भाग होता. अशा आडजागी कुशल माणूस टिकवायचा तर त्याच्या बायकामुलांची सोय लावावी लागते, हे कंपनीला कळत होतं.

मग अकुशल माणसाचं काय? गाव भरात असताना तिथे सुमारे 300 प्रौढ जर्मन, 40 मुलं आणि 800 ओवाम्बो कंत्राटी कामगार राहात, असा आकडा सगळीकडे दिला जातो. तो इतका सवयीने सांगितला जातो की त्यातली विसंगती डोळ्यांवरून निसटते. पहिल्या गटाची मुलं मोजली आहेत. दुसऱ्या गटाला मुलं नाहीत. आठशे पुरुष, आणि एकही मूल नाही, हे कुठल्याही समाजात आपोआप होत नाही. ते करावं लागतं.

ते कसं केलं गेलं, त्याचा इतिहास ल्युडरित्सपासूनच सुरू होतो. त्या बंदरालगत शार्क आयलंडवर 1905 ते 1907 या काळात जर्मनांची छळछावणी होती. हेरेरो आणि नामा लोकांच्या संहारात (1904-1908) तिथे मोठ्या संख्येने कैदी मेले. लेवाला ज्या रेल्वेमार्गावरची वाळू उपसत होता, तो बांधायला याच कैद्यांना जुंपलं होतं. दक्षिणेकडची माणसं अशी संपवल्यावर हिरे वेचायला हात उरले नाहीत. म्हणून ते सुमारे हजार किलोमीटरवरच्या ओवाम्बो प्रदेशातून, देशाच्या पार उत्तर टोकाकडून आणले गेले. कंत्राट ठराविक महिन्यांचं, राहणं कंपाउंडमध्ये. बायकामुलांना आणायची मुभा नव्हती. मुदत संपली की परत गावी, आणि पैसे हवे असतील तर पुन्हा नवं कंत्राट. बायको, मुलं, म्हातारे आईवडील यांना पोसण्याचं काम गावाकडच्या शेतीने करायचं. कंपनीने फक्त एकट्या पुरुषापुरती मजुरी द्यायची. इथे कंपनीचा नफा केवळ हिऱ्यांत नव्हता. कुटुंब नावाचा खर्च दुसऱ्या कुणावर तरी ढकलण्यातही तो होता.

मराठी वाचकाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रत्नागिरी-साताऱ्याहून आलेले गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. बायका गावी शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत, मनिऑर्डरची वाट बघत. मजुरीचं गणित सारखंच होतं. पण फरकही विसरू नये. गिरणी कामगाराने बायकोला मुंबईत आणलं तर खोली पुरायची नाही, पण पोलीस यायचे नाहीत. कोल्मान्सकोपमध्ये पूर्ण प्रदेशच निषिद्ध होता, आणि कुटुंब हा परवान्याचा विषय होता. कोणाला तो मिळायचा आणि कोणाला नाही, हे कातडीच्या रंगावर ठरलेलं होतं.

या आठशे माणसांचीही चित्रं आहेत. पहिल्या वर्षांतला एक प्रसिद्ध प्रकार म्हणजे वाळूवर रांगेने, खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांवर किंवा पोटावर सरपटत हिरे वेचणारे मजूर. मागे उभा पहारेकरी. हे फोटो संग्रहालयात असतात; मुखपृष्ठावर कोणी छापत नाही. आणखी एक तपशील इस्पितळाचा. तिथलं क्ष-किरण यंत्र दक्षिण गोलार्धातलं पहिलं होतं, असं कौतुकाने सांगितलं जातं. मजुरांनी हिरे गिळले आहेत का हे तपासायलाही ते वापरलं जायचं, हे त्याच दमात सांगितलं जातं. एकच यंत्र, पण कोणासाठी ते आरोग्याची सोय होती आणि कोणासाठी झडती. त्या यंत्रासमोर उभं राहिलेलं माणूस कुठल्या बाजूचं होतं, यावर त्याचा अर्थ ठरायचा.

फोटो हे माध्यमच मुळी दुबळं आहे, त्याला इतिहास कसा दाखवता येणार, असा बचाव इथे कोणी करेल. तो टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अर्नेस्ट कोलच्या 'हाउस ऑफ बाँडेज' (1967) या पुस्तकात खाणकामगारांवर एक प्रकरण आहे. त्यातल्या एका फोटोत भरतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी नग्न केलेले पुरुष भिंतीकडे तोंड करून, हात वर करून रांगेत उभे आहेत. त्यात एकही चेहरा दिसत नाही आणि तरी सगळं कळतं. रँडफाँटेन या खाणीच्या गावात वाढलेल्या डेव्हिड गोल्डब्लाटने 1973 साली नादिन गॉर्डिमरबरोबर 'ऑन द माइन्स' हे पुस्तक केलं. त्यातही उजाड जागा आणि पडकी बांधकामं आहेत. पण ती पाहताना इथे कोणी काम केलं हा प्रश्न सुटत नाही. म्हणजे दोष ना अवशेषांचा, ना कॅमेऱ्याचा. कॅमेरा कुठल्या इमारतीत शिरला आणि कुठल्या इमारतीपाशी थांबला नाही, एवढाच मुद्दा आहे.

आता आठवणींकडे. ओरान्येमुंड हे गाव कोल्मान्सकोपहून मोठं झालं आणि आजही नांदतं आहे. ते दीर्घकाळ पूर्णपणे कंपनीचं होतं. परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. हे बंधन उठलं 2017 साली. खाणीच्या हद्दीत एकदा गेलेलं वाहन सहसा बाहेर आणलं जात नसे. पोस्टाची कबुतरं पाळायला बंदी होती, कारण त्यांच्या पायाला हिरे बांधून पाठवले जायचे. अशा गावांत वाढलेल्यांच्या किंवा संसार केलेल्यांच्या आठवणी वाचल्या की त्यांचा एक ठरीव साचा दिसू लागतो. आल्या दिवशीचा धक्का. वारा, साप किंवा विंचू. क्लब आणि शनिवारची पार्टी. आठवड्याने येणारी भाजी. घरकामाला असलेला विश्वासू माणूस, ज्याचं बहुधा एकच नाव सांगितलेलं असतं. मुलांची सायकलवरची भटकंती, आणि एक वाक्य हमखास: आमच्याकडे दाराला कधी कुलूप लावावं लागलं नाही.

या वाक्यावर माझा आक्षेप ते खोटं आहे म्हणून नाही. ते अगदी खरं आहे. दाराला कुलूप लागलं नाही, कारण कुलूप गावाला होतं. मुलाला हे कळायचं कारण नाही, आणि मुलाची आठवण म्हणून ते वाक्य निर्दोषच आहे. पण तेच मूल पन्नाशीत लिहायला बसतं आणि तरीही त्या सुरक्षिततेचं कुंपण त्याला दिसत नाही, तेव्हा लेखन कच्चं राहतं. आठवण आणि लेखन यांत फरक पडतो तो इथे. जे तेव्हा दिसत नव्हतं ते आता दिसतं का, आणि दिसल्यावर त्या बालपणाचं काय करायचं, या प्रश्नाला सामोरं जाणारी पुस्तकं थोडी आहेत.

त्यातलं एक म्हणजे गॉर्डिमरची पहिली कादंबरी 'द लाइंग डेज' (1953). गॉर्डिमर स्प्रिंग्ज या खाणीच्या गावात वाढली. तिच्या कादंबरीतली हेलन शॉ ही सोन्याच्या खाणीवरच्या अधिकाऱ्याची मुलगी. तिचं जग म्हणजे खाणीने दिलेलं घर, टेनिस, चहा, आईच्या मैत्रिणी. हे आडरान नव्हे, जोहान्सबर्ग जवळ आहे, आणि ही मंडळी स्वतःला परदेशीही म्हणवणार नाहीत. पण वस्तीची घडण तीच. सुरुवातीलाच लहान हेलन एकटी घराबाहेर पडते आणि कामगारांसाठी असलेल्या दुकानांच्या रांगेपर्यंत चालत जाते. तिथले वास, वस्तू, माणसं यांनी ती ओढली जाते आणि घाबरतेही. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक संपूर्ण जग आहे आणि त्यासाठी आपल्याजवळ शब्द नाहीत, हे तिला जाणवतं. पुढे एका प्रसंगात कामगार जेवणाच्या तक्रारीवरून कंपाउंड मॅनेजरच्या बागेत येऊन ठेपतात. गोऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तो थोडा भीतीचा, थोडा करमणुकीचा विषय. गॉर्डिमर इथे उपदेश करत नाही. ती बागेतला शिष्टाचार आणि बाहेरची भूक एकाच दृश्यात ठेवते आणि बाजूला होते. पुढे मोठी झालेली हेलन शहरात जाते, उदारमतवादी होते, आणि तरी ते बालपण आपल्याला सोडत नाही हे तिला कळत जातं. आईवडिलांवरची माया आणि त्यांच्या जगाबद्दलची शरम एकत्र नांदू शकतात, हे या कादंबरीने सांगून सत्तर वर्षं उलटली. तरी बहुतेक आठवणींना त्यातलं फक्त पहिलंच जमतं.

पण गॉर्डिमरलाही एका हद्दीपलीकडे जाता येत नाही. हेलनला कामगार दिसतात. त्यांची घरं दिसत नाहीत, कारण ती तिथे नाहीतच. ती शोधायला दुसरीकडे जावं लागतं. नामिबियाच्या जोसेफ डिएशोची 'बॉर्न ऑफ द सन' (1988) ही कादंबरी गावातून सुरू होते. मुरोंगा, त्याची बायको माकेना आणि त्यांचं नुकतंच जन्मलेलं बाळ. कराचा पैसा हवा म्हणून मुरोंगाला दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीवर जावं लागतं, आणि तिथे त्याची राजकीय समज घडत जाते. कादंबरी म्हणून तिच्यात त्रुटी आहेत. मधले काही भाग पात्रांच्या तोंडी घातलेल्या भाषणांसारखे वाटतात. तरी ती एक मोठी गोष्ट करते. ती गावाला पुरेशी पानं देते. बाळंतपण, शेत, शेजारी, विधी यांचं जग आधी भरभरून उभं राहतं, त्यामुळे पुढे कंपाउंडमधला 'एकटा पुरुष' आपल्याला एकटा वाटत नाही. त्याच्याजवळून काढून घेतलेलं सगळं आपल्याला माहीत असतं. आठशेच्या आकड्यामागे काय होतं याचं उत्तर एखाद्या फोटोत मिळणार नाही. ते अशा पानांत मिळतं.

या दोन कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या तर खाणीवरचं कौटुंबिक जीवन हा विषय प्रथमच पूर्ण दिसतो. एका बाजूला कंपनीने जमवून दिलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला कंपनीने तोडलेलं. ही एकाच व्यवस्थेची दोन कलमं होती. ती व्यवस्था आपोआप विरली नाही. 1971च्या डिसेंबरात नामिबियातले कंत्राटी कामगार संपावर गेले. संपकऱ्यांची संख्या तेरा हजारांच्या वर गेली. कंत्राट-पद्धत हाच त्यांच्या रागाचा विषय होता, आणि कुटुंबापासून तोडलं जाणं हे त्या रागाच्या मुळाशी होतं.

हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण केवळ कुतूहल नाही. आफ्रिकेतल्या खाणींवर आता भारतीयही परदेशी तज्ज्ञ म्हणून जातात. झांबियातली कोंकोला ही तांब्याची खाण 2004 साली वेदान्त समूहाने घेतली. कोल्मान्सकोपच्याच निषिद्ध पट्ट्यात रोश पिनाहजवळ असलेली स्कॉर्पिअन ही जस्ताची खाण 2010 साली त्याच समूहाकडे आली. अशा ठिकाणी नोकरीला गेलेल्या माणसाबरोबर घरदारही जातं. दिवाळी अंकांतून परदेशातल्या संसाराचे अनुभव लिहिण्याची आपली परंपरा जुनी आणि लाडकी आहे. खाणवस्तीतल्या स्वयंपाकघराबद्दल, तिथे मिळवलेल्या कढीपत्त्याबद्दल, गणपतीबद्दल लेख येतील, यायलाच हवेत. तो एकटेपणा आणि ती उमेद खरीच असणार. आपण वसाहतवादी नव्हतो, त्यामुळे हा हिशेब आपल्याला लागू नाही, असं मात्र त्यात गृहीत धरलं जाऊ नये. मिळालेलं घर, शाळा, दवाखाना आणि गेटवरचा पहारेकरी यांची यादी करताना, त्या पहारेकऱ्याची मुलं कुठे राहतात, ही ओळही त्यात यायला हवी. ती आल्याने लेख उदास होत नाही. तो पुरा होतो.

कोल्मान्सकोपच्या निळ्या खोलीचे फोटो निघत राहतील, आणि ते सुंदरच असतील. त्या सौंदर्याला नाकारण्याची गरज नाही. फक्त त्याखाली 'निसर्ग जिंकला' असं लिहायच्या आधी बाजूची इमारत कोणती होती ते विचारावं. या गावात खोल्या होत्या त्यांच्यापेक्षा, ज्यांना इथे खोली मिळालीच नाही अशी कुटुंबं जास्त होती. त्यांच्या घरांत वाळू शिरली नाही, कारण ती घरं इथून हजार किलोमीटर दूर होती आणि तिथे कोणीतरी वाट बघत होतं.